हवालदारांनी वाचलेलं कलम

प्रवरेकाठच्या त्या गावात सरकारी कागद आला की तो आधी अब्राहाम हवालदारांच्या ओट्यावर जायचा. पलटणीत जन्मभर कारकुनी केलेला माणूस. इस्त्रीचा सदरा, मिशीला पीळ आणि तोंडात सदा कायदा. कुणी म्हणालं, "हवालदार, थोडं इकडं-तिकडं करून लिवा की," तर त्याची धडगत नसायची. "नियम म्हंजी नियम!" असं खेकसायचे, की ओट्यावरची कुत्री उठून जायची. आणि अशा माणसानं जन्मात एकदाच नियम सोडावा अन् तोच त्याच्या उरावर बसावा! आता काय म्हणावं?

बहात्तरच्या उन्हाळ्यात गोजरबाईचा गोरक्ष रजेवर आला. आदल्या डिसेंबरात लढाई पेटली तेव्हा तो वेळेवर पलटणीत पोचला नव्हता. त्याची कोठडीही भोगून झाली होती. पण गावानं त्याचं नाव 'पळपुटा' पाडलं ते पाडलंच. सासरे कारभारी येऊन आपली लेक पुष्पावती माहेरी घेऊन गेले. "पळून आलेल्याच्या घरी माझी पोर नांदायची न्हाई. आधी कागद दाखवा." म्हणून गोरक्षनं खटपट करून शिक्षेच्या नोंदीची नक्कल आणली. सगळी इंग्रजीत. ती घेऊन तो, गोजरबाई आणि कारभारी हवालदारांपुढं बसले. संसार राहतो की मोडतो, ते त्या वाचनावर ठरणार होतं.

हवालदारांनी चष्मा पुसला. "कारभारी, नीट ऐका. पळून जानं येगळं कलम, गैरहजर ऱ्हानं येगळं. परतायचंच न्हाई असं मनात धरून गेला, तो पळाला. परतायचं हुतं पन उशीर झाला, तो गैरहजर. ह्याला लावलंय ते गैरहजेरीचं."

"आन् लढाई चालू असताना उशीर कशापायी? रजेवरच्या जवानांनी निघा म्हनून रेडिओ बोंबलत हुता! ह्या खालच्या ओळीत काय लिवलंय?" कारभाऱ्यांनी कागदावर बोट ठेवलं.

हवालदार अडखळले. "बचावात काय सांगायचंय, असं साहेबानं इचारलं. ह्यो म्हनला, काई न्हाई."

"बघा! चूक नसलेला मानूस गप बसंल व्हय?"

गोजरबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला. हवालदारांनी चष्मा काढून ठेवला.

कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसांत गोरक्ष रजेवर होता आणि घरी बापाचं सुतक होतं. सुतकाच्या घरात कुणी रेडिओ लावतं का? गोजरबाईनं तो फडक्यात गुंडाळून फळीवर टाकला होता. पण गावानं पारावरच्या रेडिओवर ऐकलं, हवालदारांनीही ऐकलं. ते तडक सांगायला निघाले, तर गोजरबाईनं अंगणातच हात जोडले. "हवालदार, अग्नी त्यानं दिलाय. तेवढा दहावा हू द्या. पिंडाला कावळा शिवला की मीच धाडते त्याला." हवालदार ख्रिस्ती, पण गावची रीत त्यांना परकी नव्हती. नाही म्हणवेना. गावही मोठ्या मायेनं गप्प बसलं. कावळा शिवला तेव्हा कुठं घाटावर पोराच्या कानावर घातलं, आणि गोरक्ष मुंडन केलेल्या डोक्यानं, ओल्या धोतरानं एसटी गाठायला धावत सुटला.

"त्याला म्हाईतच नव्हतं," हवालदार म्हणाले. "म्हाईत मला हुतं. कायदा कळनारा गावात मी एकला, आन् मीच दाबलं."

"मीच पाया पडले त्यांच्या," गोजरबाई रडत म्हणाली.

कारभारी गोरक्षकडं वळले. "मग साहेबाला सांगायचं न्हाई का, येड्या?"

"साहेबानं पुढं इचारलंच असतं, मामा. घरात कुनाला ठावं हुतं, कुनी थोपवलं. मग आईचं नाव घेऊ, का ह्या हवालदार काकांचं?"

कारभारी उठून टोपी झटकत म्हणाले, "उद्या पोरीला आनून सोडतो." एवढंच बोलून ते ओटा उतरले.

हवालदारांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी कागदाची घडी घालून गोरक्षपुढं धरली. "गोरक्ष, आज पारावर उभा ऱ्हातो. गावाला समदं सांगतो, बाबा."

गोरक्षनं कागद खिशात घातला.

"गावाला काय सांगता, काका? रेडिओ त्यांनीच ऐकला हुता. आन् मला पळपुटा पैल्यांदा कोन म्हनलं? त्याच पारावरचे."