पडण्याच्या उलट्या फ्रेम

आज सकाळी सुकापूरला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर बाबा माझ्यासमोर घसरून पडले.

शाळेत असताना मी कॉम्प्युटरवर रेघांनी काढलेल्या काडीमाणसांच्या मारामाऱ्या ॲनिमेट करायचे. पडलेल्याला उठवायचं असलं की पडण्याच्याच फ्रेम उलट्या क्रमाने लावायचे. क्षणात गडी उभा, पुन्हा लाथाबुक्क्या सुरू!

बाबा तसे उठले नाहीत. आधी कुशीवर वळले, मग कठडा चाचपला आणि तिथेच थांबले. "दोन मिनिटं बसू दे गं," म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एक्स-रे नॉर्मल आलाय. बाबा टीव्ही बघतायत. आत्ता पाण्यासाठी खुर्चीतून उठले, तर ते पूर्ण उभे राहीपर्यंत मीही हात पुढे करून अर्धी उठले होते.

मंडळी, ही भीती जाते का हो कधी?