थेल्मा गाडी मागे घेते

मोटारघरांच्या, म्हणजे आत राहता येईल अशा गाड्यांच्या, शोमध्ये शुक्रवारी दुपारी खरा कार्यक्रम मोठ्या मंडपात नसतो. तो क्लबच्या कोपऱ्यात असतो. आधी पोचलेली मंडळी घडीच्या खुर्च्या मांडून, चहाचे मग घेऊन बसतात. उशिरा येणारे आपली गाडी मागे मागे नेत खुंट्यांमधल्या जागेत कशी लावतात, ते बघतात. कुणी कुणाची चूक काढत नाही. फक्त खाकरतात.

थेल्मा बूथरॉइड बावीस वर्षं या कार्यक्रमात होती. गाडीच्या मागे. नवरा क्लिफर्ड चालवायचा, ती मागे उभी राहून हात करायची. हेरन कंपनीच्या मोटारघरांच्या मालकांचा हा क्लब, आणि त्यातल्या बहुतेक जोडप्यांचं असंच. गाडी चालवणं, गॅस, संडासाची टाकी रिकामी करणं ही निळी, म्हणजे पुरुषांची कामं. स्वयंपाक, पडदे आणि मागे उभं राहणं ही गुलाबी, बायकांची. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. कुणी मोडलंही नव्हतं.

क्लिफर्ड फेब्रुवारीत गेला. मार्चमध्ये थेल्मानं संडासाची टाकी स्वतः रिकामी केली. एप्रिलमध्ये सुपरमार्केटच्या मोकळ्या आवारात, सकाळी सहाला, तिनं गाडी चालवायला घेतली. ती त्र्याहत्तर वर्षांची होती. तरुणपणी कीथली गावात शाळांना जेवण पोचवणारी व्हॅन तिनं नऊ वर्षं चालवली होती. त्यानंतरची नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात, उभ्यानं. तिच्या मुलाला, एड्रियनला, हे सगळं माहीत होतं. पण त्याच्या आठवणीतली आई कायम डावीकडच्या सीटवर असायची, मांडीवर नकाशा घेऊन.

"आई, शोमध्ये जुन्या गाड्या घेणारे येतात," तो म्हणाला. "शनिवारी अकराला एकाला बोलावतो."

"कशाला?"

"अगं, सात मीटरची गाडी आहे ती. तू एकटी काय करणार तिचं?"

"चालवणार. सातही मीटर."

वाद आठवडाभर चालला. शेवटी सौदा ठरला. थेल्मानं कीथलीहून लिंकनजवळच्या शोच्या मैदानापर्यंत गाडी एकटीनं आणायची आणि क्लबच्या जागेत कुठंही न धडकता लावायची. जमलं तर एड्रियन विक्रीचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर शनिवारी अकराला गाडी विकायची.

रस्ता जमला. एका ट्रकवाल्यानं मागून भोंगा वाजवला, तिनं त्याच्यापेक्षा लांब वाजवला.

मैदानात क्लबचा डग्लस पिकर्सगिल पिवळं जाकीट घालून उभा होता. गाड्या जागेवर लावून घेणं हे त्याचं काम. तो तिच्या गाडीच्या मागे गेला आणि हात वर केला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. क्लिफर्डला आरशात डावं-उजवं कधीच कळलं नाही. पहिल्याच वर्षी व्हिटबीजवळच्या एका शेतात दोघं त्यावरून दोन दिवस भांडली. मग त्यांनी आपसात ठरवलं. ज्या बाजूला धोका, त्या बाजूचा हात थेल्मानं वर करायचा. तो हात म्हणजे कुंपण. त्यापासून लांब राहायचं. बाकी सगळा देश याच्या उलट वागतो. हात वर केला की त्या बाजूला ये, असा सगळ्यांचा अर्थ. पण क्लिफर्डची गाडी नीट आत जायची, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता थेल्माला आरशात हात दिसला. ती त्यापासून लांब वळली. डग्लसनं हात जोरात हलवला. ती आणखी वळली. तो दोन्ही पायांवर उड्या मारायला लागला, आणि गाडी क्लबच्या झेंड्याच्या खांबावर जाऊन आदळली.

"अगं बाई, हात करत होतो ना मी!" डग्लस पुढे धावत आला. "डोळे मिटून चालवतेस का?"

"दिसला तुझा हात. म्हणून तर लांब गेले."

"लांब? मी इकडे ये म्हणत होतो!"

थेल्मा उतरली. मागच्या दिव्याची लाल काच गवतात पडली होती. खांब वाकून झेंडा शेजाऱ्यांच्या तंबूवर आडवा झाला होता. खुर्च्यांवरची अकरा माणसं आता खाकरतही नव्हती. चहाच्या टेबलापाशी एड्रियन उभा होता, ऑफिसच्या कपड्यांत.

"पुरे, आई. चावी दे. डग्लस लावेल."

डग्लसचा तळवा पुढे आलाच होता.

थेल्मा त्या तळव्याकडे बघत राहिली. काय झालं ते तिला कळलं होतं. हात डग्लसचा होता, आणि ती क्लिफर्डशी ठरवलेल्या खुणेवर चालली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

"चावी गाडीलाच राहील," ती म्हणाली. "सगळे बाजूला व्हा. आणि कुणी हात वर करायचा नाही."

"क्लबचा नियम आहे, थेल्मा. मागे कुणी उभं असल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही."

"उभं असल्याशिवाय ना? हात करायलाच हवा असं लिहिलंय?"

"नियम मीच लिहिलाय."

"मग तुला पाठ असेल."

डग्लसनं तळवा मागे घेतला. आयरिस मेटकाफ खुर्चीतून उठली. क्लबातली ती सगळ्यात जुनी सभासद. "मी राहते उभी," ती म्हणाली. "मला तसंही कुणी काही करू देत नाही." ती लांब, खांबाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून. "धडकायला लागलीस तर ओरडू का?"

"ओरड."

"केव्हापासून तुझ्यावर ओरडायचं होतं मला."

थेल्मानं गाडी पुढे घेतली. मग थोडी मागे. मग उतरली आणि चालत मागच्या बाजूला गेली. ही बाजू तिच्या ओळखीची होती. चाक किती वळलं की गाडीचा मागचा कोपरा कुठं येतो, हे तिनं बावीस वर्षं उन्हापावसात बघितलं होतं. ती मागे उभी राहिली, बघितलं, परत सीटवर चढली आणि बघितलं होतं तेवढंच केलं. मग पुन्हा उतरली.

ती पाच वेळा उतरली. तिच्यामागे तीन गाड्यांची रांग लागली. एकानं भोंगा वाजवला. थेल्मानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"घाई होती तर विमानानं यायचं!"

पंचवीस मिनिटांनी गाडी चारही खुंट्यांच्या आत सरळ उभी राहिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आयरिसनं तिच्या हातात चहा दिला.

एड्रियन जवळ आला. "लागली खरी. पण सौदा न धडकता लावायचा होता."

"हो."

"म्हणजे तू हरलीस."

"हरले."

त्याचा चेहरा सैल झाला. "मग उद्या अकराला."

"येऊ दे त्याला."

तो माणूस शनिवारी अकराला बरोबर आला. बूट फार स्वच्छ होते. त्यानं भिंती वाजवून बघितल्या, कोपऱ्यांत छोटं यंत्र टेकवून ओल मोजली. "छान ठेवलीय," तो म्हणाला. "दिवा कुणी फोडला?"

"मी." ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की पलीकडे डग्लसनं वर्तमानपत्र खाली केलं.

"आणि ताबा कधी द्याल?"

"देणार नाही. गाडी विकायची नाही."

"आई!" एड्रियन म्हणाला. "काल हरलीस तू. सगळ्यांसमोर कबूल केलंस."

"केलं. आणि आता शब्द मोडतेय. तेही सगळ्यांसमोरच."

"हा लबाडपणा आहे."

"आहे. पण माझ्या गाडीसाठी मी तुझ्याशी सौदा करायला बसले, ती चूक खांबाला धडकण्यापेक्षा मोठी होती. ती आधी दुरुस्त करते." तिनं स्वच्छ बुटांच्या माणसाकडे बघितलं. "तुम्हाला हेलपाटा पडला. चहा घेऊन जा."

त्यानं चहा नको म्हटलं आणि आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. तिनं ते उचलून त्याच्या हातात परत दिलं.

तो गेल्यावर एड्रियन गाडीच्या पायरीवर बसला. "निदान सोमवारी सरळ घरी तरी जा," तो म्हणाला.

"सोमवारी मी नॉर्थम्बरलंडला निघालेय. समुद्राच्या कडेनं. तीन आठवडे."

"एकटी? आणि तिथं गाडी मागे घ्यायची वेळ आली तर मागे कोण उभं राहणार?"

"कुणी नाही," थेल्मा म्हणाली. "उतरेन, बघेन, परत चढेन. पाय आहेत मला."

एड्रियननं तोंड उघडलं.

"आता उठ त्या पायरीवरून," ती म्हणाली. "मला दार लावायचंय."

तो उठला. तिनं दार लावलं.