हेल्प डेस्कवरचा रिसीव्हर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. एकाच ऑफिसात सात-आठ वर्षं काढली की ते आपोआप साठतात. मग कोणाच्या घरी चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "अगं वैशाली, तो वेंडेलचा सांग ना." कुठला, ते विचारावं लागतं, इतके झालेत.

२००१ साली मी नागपूरहून ओहायोतल्या डब्लिनला आले, एका विमा कंपनीच्या आयटीत. पहिल्याच आठवड्यात माझा मॉनिटर बंद पडला. हेल्प डेस्कला फोन केला, तर एक सव्वासहा फुटी माणूस आला आणि घडी घातल्यासारखा माझ्या टेबलाखाली शिरला. वायर जोडून बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं दिसली. दोन्ही वाकडी, आणि तीही वेगवेगळ्या दिशांना.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"कामात," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी दोन दिवस एकाही वायरला हात लावला नाही.

शेवटी शेजारच्या क्युबिकलमधल्या शिरीष जोशीनं माझी भीती घालवली. शिरीष पुण्याचा, माझ्याआधी तीन वर्षं आलेला. "अगं, वेंडेल प्रो फुटबॉलर आहे. अमेरिकन फुटबॉल. वाइड रिसीव्हर." म्हणजे जो जीव खाऊन पुढे पळतो आणि मागून लांबून फेकलेला चेंडू हवेत पकडतो, तो. वेंडेलची लीग छोटी होती, बंद स्टेडियममध्ये खेळणारी. टीव्हीवर दिसते ती मोठी लीग वेगळी. छोट्या लीगमध्ये सगळेच नोकरी सांभाळून खेळायचे. आठवडाभर आमचे पासवर्ड रीसेट करायचे आणि शनिवारी मॅच.

*

आमची पहिली मॅच. शिरीषचे बाबा पुण्याहून आले होते, त्यांनाही नेलं. काका बँकेतून रिटायर झालेले आणि आयुष्यभर रविवारी क्लब क्रिकेटचे अंपायर. पहिल्या रांगेत बसलो. आइस हॉकीच्या बर्फावर हिरवं कार्पेट टाकलेलं, कडेला गादी लावलेली कंबरेएवढी भिंत, आणि भिंतीला लागूनच आम्ही.

दुसऱ्याच मिनिटाला चेंडू आमच्या दिशेनं उंच आला. मागोमाग वेंडेल. चेंडू पकडला, भिंतीवर आदळला, कोलांटी खाल्ली आणि हेल्मेटसकट थेट काकांच्या मांडीवर. पॉपकॉर्न तीन रांगांवर उडालं.

वेंडेलनं वर पाहिलं आणि धापा टाकत विचारलं, "सर, मी आत होतो का?" म्हणजे झेल घेताना पाय मैदानात होता का.

काकांनी क्षणभर विचार केला. मग उजवा हात सावकाश वर नेला आणि एक बोट उभं केलं.

रेफरीनं टचडाउन दिला, टीमला सहा पॉइंट मिळाले, सगळं स्टेडियम नाचायला लागलं. काका मात्र पुण्याला परत जाईपर्यंत एकच सांगत होते, "मी त्याला आउट दिला होता. इथे अंपायरला कोणी विचारत नाही."

*

ऑफिसात वेंडेलच्या हातून काही पडलेलं मी पाहिलं नाही. स्क्रीनवरची नजर न हलवता मागून फेकलेला टेनिस बॉल तो एका हातानं घ्यायचा.

एकदा ट्रॉलीवरून जुने मॉनिटर नेत होते, ते डब्यासारखे अवजड. लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक अडलं आणि वरचा मॉनिटर घसरला. वेंडेल आठ फुटांवर कॉफी ढवळत होता. कप टेबलावर ठेवून, दोन ढांगा टाकून, गुडघ्यावर घसरत त्यानं तो मॉनिटर जमिनीच्या वीतभर वर झेलला. अख्खा फ्लोअर उभा राहून टाळ्या वाजवत होता. तो परत जाऊन कॉफी ढवळायला लागला.

त्याच शनिवारी मॅचमध्ये त्याच्या हातून तीन सोपे चेंडू सुटले.

सोमवारी त्याच्या कीबोर्डवर कोणीतरी चिठ्ठी चिकटवली होती: "पुढच्या वेळी मॉनिटर फेकायला सांग."

*

२००३ च्या उन्हाळ्यात त्याला मोठ्या लीगमधून ट्रेनिंग कॅम्पचं बोलावणं आलं. त्या दिवशी आमच्या फ्लोअरवर काम असं झालंच नाही. केक आला, कार्ड आलं. कार्डावर शिरीषनं लिहिलं, "तुझं तोंड परत कधी दिसू नये, हीच इच्छा." वेंडेल ते वाचून इतका हसला की त्याचे डोळे भरून आले.

तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी तो आपल्या खुर्चीत बसलेला होता. लंचला त्यानंच सांगितलं. कॅम्पात सकाळी एक माणूस खोल्यांची दारं वाजवतो. म्हणतो, कोच बोलावतायत, वही घेऊन ये. वही म्हणजे टीमच्या सगळ्या चालींची. ती परत घेतली की समजायचं, संपलं.

"दार वाजलं, तर माझा रूममेट आधीच वही घेऊन उभा," वेंडेल म्हणाला. "तो माणूस त्याला म्हणाला, तू बस. दुसऱ्याला बोलावलंय."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "सकाळपासून काय काम केलंस?"

तर म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वीचं एक तिकीट, म्हणजे हेल्प डेस्ककडे आलेलं काम, पेंडिंग होतं, वेंडेलचं अकाउंट डिलीट करा म्हणून. ते त्याच्याच नावावर पडलं होतं. त्यानं ते बंद केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "युजर परत आला आहे."

*

शिरीषची मुलगी अन्वी तेव्हा दुसरीत. शाळेत करिअर डे होता, घरातल्या कोणीतरी येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचं. अन्वीनं बाबाला सरळ सांगितलं, "नो ऑफेन्स बाबा, बट डेटाबेस इज बोअरिंग." आणि वेंडेलला नेलं.

एका पोरानं हात वर करून विचारलं, "आर यू फेमस?"

वेंडेल डोकं खाजवायला लागला. अन्वी उभी राहिली आणि म्हणाली, "ॲट अवर हाउस, येस."

*

२००५ च्या डिसेंबरात मोठ्या लीगमधल्या एका टीमचे दोन रिसीव्हर एकाच आठवड्यात जखमी झाले आणि वेंडेलला पुन्हा फोन आला. या वेळी कॅम्प नाही, खरी मॅच. रविवारी दुपारी शिरीषच्या घरी आम्ही नऊ जण टीव्हीला चिकटलो. तो बराच वेळ कडेला हेल्मेट धरून उभा. कॅमेरा त्याच्यावरून गेला की आम्ही ओरडायचो. आत शिरीषची बायको मंजिरी वडे तळत होती, ती दर वेळी विचारायची, "खेळला का?"

आणि अचानक तो मैदानात पळत आला. चेंडू त्याच्याकडे फेकला गेला. दोन धिप्पाड माणसं त्याच्यावर कोसळली, ढिगात काही दिसेना. मग ढीग सुटला. सगळ्यांत खाली वेंडेल, आणि चेंडू छातीशी. सात यार्ड! आम्ही सोफ्यावर चढलो. मंजिरी झारा हातात घेऊन बाहेर धावली, तेलाचे थेंब कार्पेटवर, कोणाला पर्वा नाही. कॉमेंटेटरनं त्याचं आडनाव चुकीचं उच्चारलं, तर आम्ही नऊ जणांनी ते दुरुस्त करून ओरडून सांगितलं.

नंतर चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. दोन आठवड्यांनी जखमी खेळाडू बरे झाले आणि वेंडेल डब्लिनला परतला. शिरीषनं त्याला चिडवलं, "एवढं सगळं करून एकच कॅच?"

वेंडेल म्हणाला, "एक आणि शून्य यांत काय फरक असतो, ते प्रोग्रामर असून तू मला विचारतोस?"

*

२००८. वेंडेलचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि शेवटची मॅच जाहीर झाली. छोट्या लीगमध्ये त्याच्या नावावर नव्याण्णव टचडाउन होते. आम्हा क्रिकेटवाल्यांना नव्याण्णव म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. अर्धं ऑफिस स्टेडियमात. वर एक कापडी बॅनर गुंडाळून टांगलेला, शंभरावा झाला की सोडायचा. दोरी धरून एक माणूस तयारच.

चेंडू त्याच्याकडे येत होता, पण टचडाउन होत नव्हता. शेवटचे अठरा सेकंद उरले. आमची टीम एका पॉइंटनं पुढे, चेंडू आमच्याकडे. पण टचडाउन केला की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, आणि त्या लीगमध्ये अठरा सेकंदांत काहीही होऊ शकतं.

चेंडू फेकला गेला. वेंडेलनं तो पळता पळता घेतला. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. आम्ही सगळे उभे. दोरीवाल्यानं दोरी सोडलीसुद्धा. बॅनर उलगडत खाली आला.

रेषेच्या एक पाऊल अलीकडे वेंडेल थांबला आणि खाली बसला. चेंडू पोटाशी धरून, मांडी घालून. चाल तिथेच संपली, चेंडू आमचाच राहिला आणि घड्याळ चालू राहिलं. नऊ, आठ, सात. शिरीष गळा फाडून ओरडत होता, "अरे ऊठ, एक पाऊल!" घड्याळ शून्यावर गेलं आणि आम्ही जिंकलो.

पार्किंगमध्ये तो बॅग खांद्याला लावून आला. आम्ही गाड्यांपाशी उभे होतो. शिरीष म्हणाला, "वेंडेल, एक पाऊल होतं रे."

"हो," वेंडेल म्हणाला. "जेवायला कोणाकडे जायचंय?"