निवड म्हणे तुमची!

रविवारी दुपारी माझी मुलगी सई कॉम्प्युटरवर गेम खेळत होती. तिच्या योद्ध्याला दोघींपैकी एकीशी लग्न करायचं होतं. राजकन्या भरभरून बोलायची. लोहारीण दर भेटीत एवढंच विचारायची, "तलवारीला धार लावू का?"

"मला ही लोहारीणच आवडते," सई म्हणाली, "पण गेममध्ये हिच्याशी प्रेमाचं बोलायला एकही वाक्य दिलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. एकीला पानंच्या पानं संवाद द्यायचे, दुसरीला एक वाक्य, आणि वर म्हणायचं, निवड तुमची! माझ्या लग्नाआधी आमच्याकडे पाहुणे आम्हा दोघी बहिणींना बघायला आले, तेव्हा धाकटीला गप्पांत बसवलं होतं. मला फक्त "आणखी पोहे वाढू का?" एवढंच विचारायला सांगितलं होतं. त्यांनी तिला पसंत केलं. ते सईला सांगताना आज इतक्या वर्षांनी माझा आवाज चढला.

सईनं राजकन्येला नकार दिला आणि गेम बंद केला.