लॉर्ना डर्कसनची जीभ

कॅन्ससमधल्या सलाइना गावात लॉर्ना डर्कसनने उभी हयात शाळेची बस चालवली. बसमध्ये ती कुणाला उभं राहू देत नसे आणि 'बिग डॅन' या दुकानाखेरीज दुसरीकडचा बर्गर ती तोंडात घालत नसे, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा फुटबॉलच्या मुलांनी सामना जिंकून येताना 'प्रेअरी' या दुसऱ्या बर्गरच्या दुकानावर थांबायचा हट्ट धरला. तिने बस थांबवली, मुलांना खाऊ दिलं, आणि स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून उपाशी बसून राहिली.

नवरा मर्ल मात्र प्रेअरीच्या बर्गरचा भक्त. लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. पण बर्गरचा विषय निघाला की तोंड बंद होत नसे. दोन्ही दुकानं नवव्या रस्त्यावर समोरासमोर होती. दर शनिवारी दुपारी दोघं आधी त्याचा घ्यायची, मग रस्ता ओलांडून तिचा, आणि धान्याच्या कोठारांकडे तोंड करून गाडीतच खायची.

"तुझ्या टिक्कीतून पलीकडचं दिसतं," ती म्हणायची.

"आणि तुझी टिक्की सॉसमध्ये बुडाली ती अजून वर आलेली नाही."

"विस्तवावर भाजलेलं मांस आहे ते. तुझं तव्यावर दाबून दाबून मारलेलं."

"म्हणूनच कडा कुरकुरीत होतात. तुला नाही कळायचं."

मुलं मोठी होऊन विचिटाला गेली, तरी शनिवार चुकला नाही.

मग लॉर्नाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. गावातल्याच दवाखान्यात किरणांचे उपचार झाले आणि गाठ गेली. तिच्याबरोबर चवही गेली. कॉफी म्हणजे गरम पाणी, अंडं म्हणजे ओला स्पंज. आहार सांगणाऱ्या बाईंनी समजावलं, "येईल परत. पण सगळी एकदम नाही. तुकड्यातुकड्यानं येईल, आणि कुठला तुकडा आधी ते कुणालाच सांगता येत नाही."

शनिवारी मात्र लॉर्ना बिग डॅनचाच बर्गर घ्यायची. मिल्कशेकच्या घोटाबरोबर एकेक घास खाली ढकलायची.

"कसा आहे?" मर्ल विचारायचा.

"नेहमीसारखा."

तिच्या अंगावरचे कपडे लोंबायला लागले होते. ते त्याला दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हे तिलाही कळत होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बिग डॅनपुढची गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. मर्लने आपला बर्गर उघडून खायला सुरुवात केली. त्यातली आंबवलेल्या काकडीची एक चकती कागदावर पडली. लॉर्नाने ती सहज उचलून तोंडात टाकली, आणि तिचे दोन्ही गाल आतून आकसले. आंबट. नक्की आंबट, आणि मागून मोहरीच्या पिवळ्या सॉसचा झणका. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडात काही घडलंच नव्हतं.

मर्ल रांगेकडे बघत होता. नंतर तिने आपला बर्गर नेहमीसारखाच संपवला.

बुधवारी मर्ल कामावर गेल्यावर ती एकटी प्रेअरीवर गेली. खिडकीत ट्वायला होती, लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत जाणारी.

"लॉर्नाबाई? रस्ता चुकलात की काय?"

"बर्गर दे. मोहरी जास्त घाल, काकडी दुप्पट. आणि जरा हळू बोल."

टायरच्या दुकानामागे गाडी लावून तिने तो खाल्ला. मांसाचा काही पत्ता लागला नाही, पाव तर कापसासारखा. पण आंबट होतं, झणका होता. तिने कागदाला लागलेली मोहरीही बोटाने पुसून खाल्ली. मग दर बुधवारी हेच सुरू झालं. ती चोरून करत होती याची तिला लाज वाटायची, आणि बिग डॅनवरून जाताना मान आपोआप दुसरीकडे वळायची.

ट्वायलाच्या पोटात काही राहत नसे. तिने मर्लला सांगून टाकलं. त्या शनिवारी मर्लने प्रेअरीच्या, गाडीत बसूनच मागणी सांगायच्या माइकपाशी गाडी थांबवून म्हटलं, "दोन द्या."

लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलं. "मी कुठं काय म्हटलं?"

"मला कळलंय सगळं. त्यात लपवायचं काय? चांगलंच झालं की. मी इतकी वर्षं काय सांगत होतो?"

"गाडी पुढं घे."

"अगं, पण मी मागवलाय."

"तू मागवलायस. मी नाही. लग्न झाल्यापासून मी काय खायचं ते मीच सांगत आलेय, मर्ल. गाठ झाली म्हणून ते तुझ्याकडे आलं नाही."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मर्ल पुढे गेला, दोन्ही पुड्या घेतल्या, आणि कोठारांसमोर गाडी उभी करून दोन्ही त्यानेच खाल्ल्या. ती खिडकीबाहेर बघत बसली. शेवटचा घास उरला तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"ते माहितीये मला."

"तू खात नव्हतीस. मला भीती वाटत होती."

ती म्हणाली, "परत घे गाडी तिकडे." या वेळी ती त्याच्यावरून ओणवी होऊन माइकमध्ये बोलली: मोहरी जास्त, काकडी दुप्पट, टोमॅटोचा सॉस अजिबात नको, कांदा कच्चा.

"कच्चा?" मर्ल म्हणाला. "तव्यावरचा कांदा हाच तर तिथला जीव आहे. नासवलास की बर्गर."

"तुझा तू खा."

घरी पोचेपर्यंत कांद्यावर वाद चालला. त्या दिवशी लॉर्ना खूप दिवसांनी पोटभर जेवली.

दवाखान्यात महिन्यातून एकदा असे उपचार झालेल्या आजाऱ्यांची बैठक असायची. तिथे ऑर्विल श्राग नावाचे एक गृहस्थ येत. आयुष्यभर गुरांचा चारा विकलेला माणूस, बायको नव्हती. ते म्हणाले, "मी डबाबंद सूप पितो. चव नाही ती नाही, निदान चावावं तरी लागत नाही." लॉर्नाने तिथेच विचारलं, "मंगळवारी दुपारी रिकामे आहात का?"

मंगळवारी तिने गाडी काढली. ऑर्विल शेजारी, मर्ल मागे. गावात बर्गरची जेवढी नावाजलेली दुकानं होती तेवढी ती फिरली. प्रत्येक बर्गरचे प्लॅस्टिकच्या सुरीने तीन तुकडे केले. बिग डॅनच्या तुकड्यात लॉर्नाला काहीतरी गोडसर लागलं, महिनाभरापूर्वी ते लागत नव्हतं. तिने तो तुकडा बराच वेळ चघळला. ही खरंच ती जुनी चव, की नुसती आठवण, हे तिला ठरवता येईना. गिळून झाल्यावर उरलेला तिने मर्लकडे सरकवला.

"नको?" मर्लने विचारलं.

"चांगला आहे. मला नको."

मर्लने तो खाल्ला आणि गुळमुळीत आवाजात कबूल केलं, की भाजलेल्या वासाचं तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लॉर्नाने मान हलवली आणि पुढच्या दुकानाकडे वळण घेतलं.

ऑर्विल शांतपणे चावत होते. प्रत्येक तुकड्यानंतर लॉर्ना त्यांच्याकडे बघायची आणि ते मान नकारार्थी हलवायचे. मोहरी नाही, काकडी नाही, खारट बटाटेही नाहीत. शेवटच्या दुकानात तिने त्यांना व्हॅनिलाचा शेक घेऊन दिला. ते ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायले.

"गोड लागतं?" तिने विचारलं.

"नाही," ऑर्विल म्हणाले. "पण गार लागतंय. बरं वाटतं."

"मग आज गारवर भागवा. पुढच्या मंगळवारी परत बघू."

"दर मंगळवारी?" मागून मर्ल म्हणाला. त्याने पँटचा पट्टा एक भोक सैल केला होता.

"तुला कुणी बोलावलंय?" लॉर्ना म्हणाली, आणि ऑर्विलना त्यांच्या घरी सोडायला गाडी रस्त्यावर घेतली.