उपदेश आला की पाणी

माझी शाळा चौथीपर्यंतची, म्हणून दारावरचा ‘समुपदेशन’ हा शब्द मी अडखळत वाचला आणि खूश झालो. उपदेश तर त्यात होताच. मला तोच पाहिजे होता.

बायको गेली आणि वीस वर्षांची नात मोबाईलात शिरली. दिवसभर अंगठा वर-खाली. दोन महिने कॉलेजला जाणं बंद. आणखी दांड्या झाल्या तर परीक्षेला बसता येणार नाही, असा तिच्या मास्तरांचा निरोप आला, आणि बारामतीच्या या मॅडमचा पत्ताही. त्याआधी मी एकदा फोन पिठाच्या डब्यात लपवला होता. तो पिठातच वाजायला लागला. भाकरी थापणारी सून हसून बेजार.

मॅडमना मी सरळ सांगितलं, “हिला तासभर चांगला उपदेश करा. मी घरी करतोय, पण लागू पडत न्हाय.”

“आबा, तो आमच्याकडं मिळत नाही.”

मग त्यांनी नातीला विचारलं, फोन सगळ्यात जास्त कधी लागतो? पोरगी मान खाली घालून म्हणाली, “सांजच्याला. आजी आन् मी मेथीच्या जुड्या बांधायचो, त्या टायमाला.”

बायको गेल्यापासून मेथी मी उभ्या वाफ्यातच व्यापाऱ्याला देत होतो. जुड्यांचं तोंड बघवत नव्हतं मला. तिची संध्याकाळ मीच मोडली होती.

मॅडमनी फोन काढून घेतला नाही. ती वेळ पुन्हा भरा, एवढंच म्हणाल्या. “आणि आबा, उपदेश तोंडाशी आला की तांब्याभर पाणी प्यायचं.”

“मॅडम, हीर आटंल आमची!”

आमच्या गावी, सणसरला, घरच्या ओट्यावर पुन्हा मेथी आली. माझी जुडी उचलली की सुटायची.

“आबा, ही जुडी हाय का केरसुणी?”

आजीची गाठ नातीला येत होती, मला नाही. चाळीस वर्षं शेजारी बसून मी ती कधी बघितलीच नव्हती. नातीनं शिकवली. फोन शेजारी पालथा असायचा. मधूनच तिचा हात तिकडं जायचा, कधी उचलायचा, कधी परत मेथीत यायचा. मी पाणी पिऊन पिऊन दिवसातनं दहादा बांधाला जायचो.

तिचं कॉलेज पुन्हा सुरू झालं. परीक्षेच्या सकाळी ती गाडीवर बसली आणि मी तोंड उघडलं.

“आला व्हय उपदेश? आई, तांब्या आण गं!”

“न्हाय गं. तुजी आजी असती तर...”

पुढचं मी पाण्यासंगं गिळलं.

“मेथी काढून ठिवा,” ती म्हणाली. “सांजच्याला येती मी.”

मी विळा घेऊन वाफ्यात गेलो.