खाली नव्हे, रिकामी

माझी सध्याची पोस्टिंग चँडलर, अ‍ॅरिझोना येथे आहे. ती सेनेने दिलेली नाही. माझी पत्नी शोभा नर्स आहे आणि तिच्या नोकरीवर आम्ही येथे आलो. परंतु ज्याने एकदा वर्दी घातली, तो जेथे राहतो ती त्याची पोस्टिंगच असते, असे माझे मत आहे. येथील भारतीय किराणा दुकानात, तांदळाच्या पोत्यांशेजारी, मला एक टेबल देण्यात आले आहे. शनिवार-रविवारी मी तेथे बसून लोकांचे अर्ज लिहितो. आईवडिलांना बोलावण्याची निमंत्रणपत्रे, सोसायटीच्या नोटिशींना उत्तरे, शाळेकडे विनंत्या. येणाऱ्यांना सॉफ्टवेअर लिहिता येते, मला अर्ज. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे, पण माझा अर्ज सहसा परत आलेला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

सेनेत मी आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारांची तपासणी आणि दुरुस्ती करणारा. मागच्या वर्षी प्रसाद नावाच्या इंजिनियरने माझ्याकडून एक स्वस्तातली पंप अ‍ॅक्शन बंदूक तपासून घेतली. ती हकिगत सांगण्यापूर्वी हवालदार दत्ताराम घोरपडे यांच्याविषयी सांगणे भाग आहे, कारण बंदूक कशी पारखावी हे मला त्यांनी शिकवले.

तेव्हा आम्ही ईशान्येकडील एका दारूगोळा डेपोत होतो. मी लान्स नायक होतो, घोरपडे माझे उस्ताद. डेपोच्या आतल्या गार्डला रायफलऐवजी बारा बोअरच्या पंप अ‍ॅक्शन बंदुका दिलेल्या असत. रायफलची गोळी शेडची भिंत पार करून आतल्या पेट्यांत शिरू शकते, छर्रे तसे करत नाहीत. पंप अ‍ॅक्शनचे काम सरळ आहे. नळीखालची मूठ मागे ओढली की आतले काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत जाते. आपोआप काहीही होत नाही, जे होते ते हाताने होते. म्हणून ही बंदूक स्वस्तात बनवता येते, आणि म्हणूनच स्वस्त असूनही चांगली निघू शकते.

त्या साली अशाच स्वस्त बंदुकांचा एक नवा लॉट आला. जवान नाक मुरडू लागले. उस्ताद म्हणाले, "स्वस्त म्हणजे वाईट नव्हे रे. स्वस्त म्हणजे कोणी तपासलेली नाही. ते काम आपलं."

उस्तादांना तीन मुली होत्या. त्यामुळे नव्या बंदुकीला ते 'जावई' म्हणत. पेटी उघडली की कोतमध्ये, म्हणजे आमच्या शस्त्रागारात, ते मांडी घालून बसत आणि म्हणत, "चला, जावई बघू. कपडे नका दाखवू. सवयी दाखवा." रंग उडालेला, लाकूड ओबडधोबड, याला ते मोजत नसत. मूठ थोडी हलते, हलू दे. ते बंदूक कानाशी धरून पंप मारत आणि डोळे मिटून ऐकत. मग कापसाची वात चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, फिरवत. जेथे तंतू अडकतील तेथे धातू खरखरीत आहे आणि तेथेच काडतूस चिकटणार. सगळ्यात जास्त वेळ ते एक्स्ट्रॅक्टरला देत. हा एक लहानसा आकडा असतो. काडतुसाची कड धरून तो ते बाहेर ओढतो. "जावयाचा हात बघ," उस्ताद सांगत. "धरलेलं सोडतो का, ते बघ." आणि तपासणी झाल्यावर, आकड्याने काहीही सांगितले तरी, चेंबरमध्ये स्वतःचे बोट घालून बघत. मलाही घालायला लावत. मी एकदा कंटाळून म्हणालो, "उस्ताद, आत्ताच तर तुम्ही बघितलं." ते म्हणाले, "मी माझ्यासाठी बघितलं."

लॉटची तपासणी चालू असतानाच त्यातल्या काही बंदुका वरून हुकूम आल्यामुळे गार्डला द्याव्या लागल्या. उस्तादांनी लेखी हरकत घेतली होती. हरकत वर गेली आणि बंदुका खाली गेल्या.

त्या दिवशी दुपारी गार्ड बदलत होती. पोस्टजवळ वाळूच्या पोत्यांचा आडोसा होता. तेथे नळी पोत्यांकडे करून बंदुका रिकाम्या करायच्या असत. मी पोत्यांच्या बाजूला उकिडवा बसून आलेली बंदूक पुसत होतो. उस्ताद माझ्या मागे उभे होते. पाळी शिपाई सावंतची होती. तो कोकणातला, नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला. अंगात ताप होता, पण सिक रिपोर्ट न करता तो ड्युटीवर आला होता. त्याने पंप मारला. आकडा कडेवरून निसटला आणि काडतूस आतच राहिले. सावंतला ते कळले नाही. गार्ड कमांडर हरियाणाचा होता. काडतूस बाहेर पडलेले त्याला दिसले नाही.

"खाली कर!" तो ओरडला.

हिंदीत याचा अर्थ रिकामी कर. ट्रेनिंगमध्ये सावंतने हा हुकूम रायफलवर कितीतरी वेळा पाळला होता. पण थकलेला माणूस आईच्या भाषेत ऐकतो. त्याने ट्रिगरवर बोट असतानाच बंदूक खाली केली. नळी पोत्यांवरून उतरून माझ्याकडे आली. उस्तादांनी मध्ये पाऊल टाकले आणि नळी वर उचलण्यासाठी तिच्याखाली हात घातला. बार झाला तेव्हा हात पुरता पोहोचला नव्हता.

मी वायरलेसवर गेलो.

"कंट्रोल, पोस्ट दो. एक कॅज्युअल्टी. अ‍ॅम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"पोस्ट दो, नाम बताओ."

"हवालदार घोरपडे."

पलीकडून आवाज आला, "रॉजर."

छर्रे मांडीत वरच्या बाजूला लागले होते. मी पट्टा आवळला. उस्तादांनी जमिनीवर पडलेल्या बंदुकीकडे पाहिले आणि विचारले, "रिकामी झाली का?" मी उठलो, पंप मागे ओढला, चेंबरमध्ये बोट घातले.

"झाली, उस्ताद."

"पोराला कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "त्यानं हुकूम पाळलाय. मराठीत."

अ‍ॅम्ब्युलन्स हॉस्पिटलपर्यंत पोहोचली, उस्ताद पोहोचले नाहीत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सावंतच्या तोंडून शब्द निघेना. मी त्याच्या वतीने अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. त्यात मी लिहिले की हिंदी भाषेत खाली म्हणजे रिकामे आणि मराठी भाषेत खाली म्हणजे तळाच्या दिशेने. अर्जदाराने मातृभाषेतील अर्थ पाळला. बंदुकीचा आकडा मात्र कोणत्याच भाषेत बरोबर नव्हता. कमांडिंग ऑफिसर साहेबांनी वाचून विचारले, "ये किसने लिखा?"

"मैंने, साब."

"कितना पढ़े हो?"

"नौवीं, साब."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि ते त्यावर हात ठेवून बसले. सावंत नोकरीत राहिला. लॉटमधला प्रत्येक आकडा बदलण्यात आला. आणि आमच्या कोतमध्ये मराठी जवानाला हुकूम देताना 'रिकामी' असेच म्हणायचे, हा नियम झाला. तो कोठे छापलेला नाही, पण मी असेपर्यंत तो मोडला गेला नाही.

आता प्रसाद. तो नागपूरचा, त्याची बायको वैशाली पुण्याची. दोघेही एकाच चिप कंपनीत. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे बंदूक घेण्यास कायद्याची हरकत नव्हती. हरकत वैशालीची होती. एका शुक्रवारी संध्याकाळी दोघे लांबट पेटी घेऊन आमच्या घरी आले.

"काका, ऑफिसची गँग दर शनिवारी क्ले शूटिंगला जाते," प्रसाद म्हणाला. "मातीच्या तबकड्या उडवतात न, ते. सगळ्यांकडे स्वतःची आहे. मीच भाड्याची घेऊन जातो यार."

"बॅडमिंटनची रॅकेट गॅरेजमध्ये आहे," वैशाली म्हणाली. "तिच्या शेजारी गिटार. गिटारशेजारी आता ही."

"अगं, बजेटमधली घेतली आहे!"

"तेच तर. काका, घरात आठ वर्षांची मुलगी आहे. ही वस्तू नीट आहे असं तुम्ही मला सहीनिशी लिहून द्या, तर ती कुलपात राहील. नाहीतर दुकानात परत."

"अन् काकांनी दिलं लिहून तर?"

"तर मीपण चालवायला शिकणार. मला न कळणारी वस्तू माझ्या घरात राहणार नाही. तुझा अपवाद."

शोभा स्वयंपाकघरातून हसली. मी हसलो नाही, कारण मला दाखला मागण्यात आला होता. मी हात धुतले, शोभाकडून कापूस घेतला आणि जाजमावर मांडी घातली. काळा रंग पातळ होता. मूठ हलत होती. स्क्रू एक सैल होता, तो आवळला. बंदूक कानाशी धरून पंप मारला. आवाज मोकळा, मुठीला जोडलेल्या दोन्ही दांड्या बरोबर सरकत होत्या. वात फिरवली, एकही तंतू अडकला नाही. नकली काडतुसे भरून काढली. आकड्याने कड धरली, पण पकड मला उथळ वाटली.

"जावई पास का, काका?" प्रसादने विचारले. हा शब्द त्याने माझ्याकडूनच ऐकला होता.

"कपडे वाईट, सवयी ठीक. हाताविषयी शंका आहे. उद्या खरी काडतुसे लावून बघू. तोपर्यंत सही राखून ठेवतो. एका वेळी एकच काडतूस भरायचे."

रेंज गावाबाहेर वाळवंटात आहे. सकाळीच ऊन चढले होते. प्रसादने काही फेऱ्या झाडल्या, बंदूक चालली. मग वैशालीने घेतली. तिसऱ्या प्रयत्नात तबकडी फुटली. "बॅडमिंटनपेक्षा बरं आहे," ती म्हणाली. तिने पुढचे काडतूस भरले, बंदूक खांद्याला लावली, आणि तेवढ्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली, "सीझ फायर! अनलोड!" तिने पंप मारला. मी तिच्या पायांजवळ पाहिले. बाहेर काही पडले नव्हते.

प्रसादनेही ते पाहिले असावे. नागपूरकडे रिकाम्याला हिंदीसारखेच 'खाली' म्हणतात. तो तिच्या उजव्या हाताला उभा होता. तेथून म्हणाला, "वैशू, खाली कर!"

पुण्याच्या मुलीने ट्रिगरवरचे बोट न काढता बंदूक खाली केली. नळी त्याच्या गुडघ्यांकडे वळली.

मी पाऊल टाकले आणि नळीखाली हात घातला. हात पोहोचला. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे गेली आणि बार झाला. बांधावरून धूळ उडाली. दुसरे काही झाले नाही.

"अगं, मी खाली करायला सांगितलं होतं!" प्रसाद ओरडला.

"केली ना मी खाली!" वैशाली म्हणाली.

मी बंदूक घेतली, पंप ओढला, बोट घातले. रेंज ऑफिसर धावत आला. तो पांढऱ्या मिशांचा वयस्क मनुष्य होता. त्याने दोघांना पाहिले, मग चेंबरमधले माझे बोट पाहिले.

"सर्व्हिस?"

"आर्मरर, सर. इंडियन आर्मी."

"फिगर्ड," म्हणजे वाटलेच होते, असे तो म्हणाला, आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघांना घेऊन तो सावलीत गेला आणि त्यांना पुष्कळ बोलला. ते योग्यच होते.

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्यांना उस्तादांची हकिगत सांगितली. वैशालीने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद करून ऐकली. प्रसाद एवढेच म्हणाला, "काका, आम्ही दोघं बारा वर्षं एकाच भाषेत भांडतोय असं मला वाटत होतं."

ती बंदूक दुकानात परत गेली. अर्ज मी लिहिला. दुकानदाराने आकडा पाहिला आणि त्याच बनावटीची, त्याच किमतीची दुसरी दिली. तिचा रंग पहिलीपेक्षाही वाईट होता. आकडा मात्र खोल होता. मी ती सलग दोन शनिवार झाडून घेतली, चांगल्या काडतुसांवर आणि हलक्या काडतुसांवरही. त्यानंतर सही केली. दाखल्यात मी लिहिले की सदर बंदूक स्वस्त असून विश्वसनीय आहे, आणि सदर घरात तिच्याबाबत 'खाली' हा शब्द कोणत्याही अर्थाने वापरण्यात येऊ नये. वैशालीने तो फ्रिजवर लावला आहे. प्रसाद त्याला हसतो, पण पाळतो.

उस्तादांच्या तिन्ही मुलींची लग्ने झाली. तिन्ही जावई मी जाऊन पाहिले आहेत. धरलेले सोडणारे नाहीत.

शनिवारी मी अधूनमधून रेंजवर जातो. फेरी संपली की वैशाली नळी बांधाकडे धरून पंप मागे ओढते, आत बघते, चेंबरमध्ये बोट घालते आणि मोठ्याने म्हणते, "रिकामी झाली." मग बंदूक प्रसादकडे जाते. तोही बोट घालतो. ती म्हणते, "मी आत्ताच तर बघितलं." तो म्हणतो, "तू तुझ्यासाठी बघितलं."

परवा तिने मला विचारले, "काका, तुमच्या उस्तादांचं पूर्ण नाव काय होतं?"

मी सावधान उभा राहिलो आणि रँकसह सांगितले.

"हवालदार दत्ताराम घोरपडे. आर्मरर."